वाचकांचे प्रश्न : जुन्या नकाशात नसलेली विहीर

मेंदूच्या एमआरआयवरचा माझा लेख गेल्या अंकात आल्यापासून पत्रं येताहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गोष्ट विचारली आहे : दोन स्कॅन एकमेकांवर ‘बसवतात’ म्हणजे नेमकं काय करतात, आणि आता ते काम एआय करतं म्हणजे कोण करतं? मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं मेंदूची चित्रं जुळवण्याचं आणि मोजण्याचं काम करते आहे. त्यामुळे निदानाचे प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा, चित्रांचे इथे घेऊ.

ताई, आईचं वय ७१. विसरायला फार लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी सांगलीत एमआरआय केला. यंदा ती पुण्याला भावाकडे असताना तिथे दुसरा केला. दोन्ही फिल्म मी खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरून पाहिल्या. नवीन फिल्ममध्ये मधल्या काळ्या पोकळ्या चांगल्याच मोठ्या दिसतात. दोन वर्षांत मेंदू इतका आक्रसला का? त्या दिवसापासून मला झोप नाही.
— एक वाचक, इस्लामपूर

आधी फिल्म काचेवरून उतरवा. त्या दोन चित्रांची तशी तुलना होत नाही, आणि त्या तुलनेवरून तुम्ही जे दुःख करत बसला आहात त्याला अजून काहीच आधार नाही.

माझे वडील भूकरमापक होते. तालुक्यातली मोजणी करायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर शेतावर जायची. प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या मोजणीच्या फळीवर, कागद लावला की ते लगेच रेघ ओढत नसत. आधी टेबल फिरवून, सरकवून, हद्दीचे दोन-तीन पक्के दगड कागदावरच्या खुणांशी मिळवून घेत. ते म्हणायचे, टेबल बसलं नाही तोवर कागदावरचा बांध शेतातल्या बांधाशी ताडायचा नाही. नाहीतर भावाभावांत उगाच डोकी फुटतात.

तुमच्या आईचं डोकं सांगलीच्या मशीनमध्ये एका कोनात होतं, पुण्याच्या मशीनमध्ये दुसऱ्या. फिल्मवरचे काप बहुधा पाच-पाच मिलिमीटर जाडीचे असतात. मान थोडी मागे कलली की तोच ‘मधला’ काप मेंदूच्या वेगळ्याच पातळीतून जातो, आणि पोकळीचा रुंद भाग त्यात आला की ती मोठी दिसते. शिवाय एका मशीनच्या चुंबकाची ताकद दीड टेस्ला, दुसऱ्याची तीन टेस्ला असेल तर चित्राचा उजळपणाही वेगळा. म्हणून आधी टेबल बसवावं लागतं. कवटी बदललेली नसते, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन स्कॅनना सहा आकडे पुरतात : तीन दिशांना किती सरकवायचं आणि तीन अक्षांभोवती किती फिरवायचं.

ते झाल्यावर खरी मोजणी. साठीनंतर निरोगी माणसाचा मेंदूही वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतो. बाराशे घन सेंटिमीटरच्या मेंदूत ते झाले सहा घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचा चमचा भरून थोडं जास्त. सगळ्या मेंदूतून मिळून चमचाभर! जुळणीत एखाद्या मिलिमीटरची चूक राहिली तर खरा बदल त्या चुकीत दिसेनासा होतो.

ही चूक भल्याभल्यांकडून झाली आहे. अल्झायमरच्या अभ्यासासाठी अमेरिकेत एडीएनआय नावाचा मोठा प्रकल्प आहे. तिथल्या स्कॅनवर काम करताना २०१०च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिलं, की पहिला स्कॅन जसाच्या तसा ठेवला आणि फक्त दुसरा फिरवून त्याच्यावर बसवला, तर मोजमापात खोट शिरते. चित्र फिरवलं की ते किंचित पुसट होतं. एक चित्र पुसट आणि एक लखलखीत असेल, तर त्यांच्यातला फरक आजाराचा की पुसटपणाचा हे कळत नाही. म्हणून आता दोन्ही स्कॅन अर्ध्या वाटेवर आणून बसवतात. दोघांना सारखाच त्रास द्यायचा.

तुम्ही एवढं करा. दोन्ही केंद्रांकडून सीडी मागून घ्या, फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो नकोत. सीडीतलं सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. ते घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि स्पष्ट सांगा, की दोन्ही स्कॅन शेजारी लावून रेडिऑलॉजिस्टकडून तुलनेचा रिपोर्ट हवा आहे. पुढचा स्कॅन जमलं तर यांपैकीच एका मशीनवर करा.

माझा मुलगा बंगळुरूला शिकतो. संशोधनासाठी त्याने मेंदूचा स्कॅन करू दिला. तो सांगत होता, आत जाण्यापूर्वी त्याच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची गोळी चिकटपट्टीने लावली. हा काय प्रकार? विज्ञानाच्या ठिकाणी असलं काही करतात?
— एक आई, कराड

करतात, आणि ती गोळी लावणाऱ्या माणसाला माझा नमस्कार सांगा. त्या गोळीत तेल असतं आणि एमआरआयमध्ये तेल पांढरंशुभ्र चमकतं. चित्रात जिकडे तो ठिपका, तिकडे उजवी बाजू.

मेंदूचा डावा आणि उजवा भाग दिसायला इतका सारखा असतो, की आरशात उलटवलेलं चित्र नुसत्या नजरेला खटकत नाही. जुन्या काळी वापरात असलेल्या एका फाइल प्रकारात डावं-उजवं खात्रीने नोंदवायची सोयच नव्हती. मी उमेदवारी करत होते त्या प्रयोगशाळेत आम्ही चौदा स्कॅन जुळवले. जुळणी सुरेख झाली, आकडे उत्तम आले. तीन आठवड्यांनी लक्षात आलं, की त्यांतले पाच उलटे होते. प्रोग्रॅमने तक्रार केली नाही. त्याने डाव्या मेंदूला ताणून, दाबून उजव्यावर नीट बसवलं होतं. त्यांतल्या एका रुग्णाला डाव्या बाजूला जुना झटका होता आणि आमच्या तक्त्यात तो उजवीकडे गेला होता. संशोधनाचं काम होतं, उपचार त्यावर ठरणार नव्हते, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून गोळी दिसल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

मॅडम, मी अमरावतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने ‘व्हॉक्सेलमॉर्फ’ हे स्कॅन जुळवणारं एआय नेटवर्क प्रोजेक्टला घेतलं आहे. एक गोष्ट समजत नाही. मांजर-कुत्रा ओळखायला शिकवताना प्रत्येक फोटोचं उत्तर आपल्याकडे असतं. इथे बरोबर जुळणी कोणती हे कोणालाच माहीत नाही, मग नेटवर्क शिकतं कसं? आणि गाइड सर म्हणतात, अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर दाखवा.
— विद्यार्थी, अमरावती

तुझा पहिला प्रश्न इतका चांगला आहे, की उत्तर जरा सविस्तर देते.

दोन वेगळ्या माणसांचे मेंदू जुळवायचे तर वरचे सहा आकडे पुरत नाहीत. एकाची घडी इथे, दुसऱ्याची तिथे. कागद रबराचा करावा लागतो. व्हॉक्सेलमॉर्फच्या मूळ कामात चित्राचा आकार १६० गुणिले १९२ गुणिले २२४ आहे, म्हणजे सुमारे ६९ लाख व्हॉक्सेल, म्हणजे घन ठिपके. प्रत्येकाने तीन दिशांना किती सरकायचं, असे दोन कोटींवर आकडे शोधायचे. इतके आकडे कुणी माणूस उत्तर म्हणून लिहून देऊ शकत नाही, हे तू बरोबर ओळखलंस.

म्हणून नेटवर्कला उत्तर देत नाहीत, परीक्षा देतात. यू-नेट प्रकारच्या या नेटवर्कला दोन्ही चित्रं एकत्र दिली की ते सरकण्याचं क्षेत्र सांगतं. त्या क्षेत्राप्रमाणे पहिलं चित्र ताणून दुसऱ्यावर ठेवायचं आणि दोन गोष्टी तपासायच्या. एक, चित्रं किती सारखी दिसतात. दुसरी म्हणजे शेजारधर्म पाळला का, शेजारचे ठिपके शेजारीच राहिले का. या दोन्हींत जेवढी कसर, तेवढा दंड. कुठला आकडा बदलला की दंड किती बदलतो, हे ताणण्याच्या त्या पायरीतूनही गणिताने काढता येतं, त्यामुळे दंड मागे पोचून नेटवर्कचे आकडे सुधारतात. पुन्हा नवी जोडी, पुन्हा दंड. २०१९ साली आलेल्या त्यांच्या विस्तृत लेखात आठ संग्रहांतले ३७३१ स्कॅन वापरले होते.

जुन्या पद्धतीही हाच दंड कमी करत, पण प्रत्येक जोडीसाठी पहिल्यापासून. आमच्याकडे एएनटीएस नावाचं जुळणीचं पॅकेज असायचं, अजूनही आहे, आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. संध्याकाळी सहाला काम लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं, की रात्रीत किती जोड्या उरकल्या. त्या लेखातल्या मोजणीत एएनटीएसला साध्या प्रोसेसरवर एका जोडीला अडीच तास लागले. व्हॉक्सेलमॉर्फला त्याच कामाला एक मिनिटाच्या आत, आणि जीपीयू या वेगवान प्रोसेसरवर अर्धा सेकंद. मी पहिल्यांदा चालवलं तेव्हा एंटर दाबताच स्क्रीन परत आली. मला वाटलं, फाइलच सापडली नसेल. उघडून पाहिलं तर जुळणी तयार! बराच वेळ मी नुसती बघत बसले होते. सगळे कष्ट शिकतानाच झालेले असतात.

अचूकता म्हणशील तर त्या कामात दोन्ही पद्धती जवळपास बरोबरीत होत्या. नवी पद्धत वेगात जिंकली, नेमकेपणात नाही. अहवालात हे वाक्य स्वच्छ लिही.

आता तुझ्या सरांचे नव्वद टक्के. बाळ, इथे फार सांभाळून राहा. २०१२ साली टॉर्स्टन रोल्फिंग या संशोधकाने एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नावच ठेवलं ‘पूर्णपणे निरुपयोगी जुळणी साधन’. तो मेंदूची रचना पाहतच नव्हता. पहिल्या चित्रातले ठिपके उजळपणाप्रमाणे रांगेत लावायचे, दुसऱ्यातलेही तसेच लावायचे, आणि पहिल्या नंबराला पहिला, दुसऱ्याला दुसरा असं जोडून टाकायचं. नाकाजवळचा ठिपका मानेजवळ गेला तरी चालेल. तरीही चित्रांचं साम्य आणि करडा-पांढरा भाग एकमेकांवर पडण्याचं प्रमाण, या दोन्ही रूढ मापांत त्याला उत्कृष्ट गुण मिळाले. त्या मापांवर विसंबून किती निबंध छापले गेले असतील याचा विचार करून मी तेव्हा अस्वस्थ झाले होते.

त्यामुळे अख्ख्या चित्राचं साम्य सांगून थांबू नकोस. हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस अशा छोट्या, स्वतंत्र हद्दीच्या भागांची मापं वेगवेगळी दे. दुसरं, जॅकोबियनचा निर्धारक, म्हणजे तिथली जागा किती पटीने फुगली वा आक्रसली तो आकडा, प्रत्येक ठिपक्यापाशी काढ. तो एकाहून वेगळा असेल तर तिथे ऊती दाबली किंवा ताणली गेली. शून्याखाली गेला तर तिथे कापडाला चुणी पडली आहे, मेंदूचे दोन भाग एकाच जागेवर आले आहेत. असे ठिपके किती, ते मोजून लिही. आणि दहा जोड्या स्वतःच्या डोळ्यांनी बघ, काप सरकवत, सावकाश. गटातल्या सगळ्यांनी बघा.

एक पायरी मुलं हमखास विसरतात. व्हॉक्सेलमॉर्फला चित्रं द्यायच्या आधी कवटी काढून टाकलेली असावी आणि साधी जुळणी झालेली असावी. टेबल आधी बसलेलं हवं. आणि टी-वन चित्रांवर शिकलेल्या नेटवर्कला टी-टू देऊ नकोस (एमआरआयचे हे दोन प्रकार, त्यांत उजळपणा वेगळा पडतो), त्याने तसलं चित्र पाहिलेलंच नसतं. त्यावर याच वर्तुळातल्या लोकांनी पुढे ‘सिंथमॉर्फ’ आणलं. ते मला फार आवडतं. त्यात खऱ्या स्कॅनऐवजी कॉम्प्युटरने बनवलेल्या चित्रांवर शिकवतात, उजळपणा दर वेळी यदृच्छेने बदलायचा. एका आवृत्तीत तर नुसते वेडेवाकडे आकार, मेंदूसुद्धा नाही. अशा रीतीने शिकलेलं नेटवर्क रंगावर भाळत नाही, हद्दी पाहायला शिकतं. वेळ उरला तर दोन्ही एकाच टी-टू स्कॅनवर चालवून शेजारी छाप. परीक्षकांना टक्केवारीपेक्षा ते जास्त दिसेल.

मी निवृत्त भूगोल शिक्षक. सगळे मेंदू एका ‘प्रमाण’ मेंदूवर बसवतात असं आपण लिहिलंत. हा प्रमाण मेंदू कोणाचा? शून्य रेखांश ग्रिनिचला का, हा प्रश्न मुलं विचारत, तसाच हा.
— वाचक, रत्नागिरी

सर, तुलना अगदी चपखल आहे. तोही कुणीतरी ठरवलेलाच बिंदू. १९८८ साली छापलेला तालेराख आणि तुर्नू यांचा नकाशा बराच काळ जगभर चालला. तो एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईंच्या मेंदूवरून केलेला होता. पुढे माँट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने अनेकांची सरासरी काढली. आज सर्वांत जास्त वापरात असलेला त्यांचा साचा १५२ तरुण माणसांच्या स्कॅनवरून केला आहे.

आपल्याकडे हे काम उशिरा झालं, पण झालं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेबरोबर शंभर भारतीय तरुण-तरुणींच्या स्कॅनवरून नकाशा बांधला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय मेंदू पाश्चात्त्य साच्यांपेक्षा सरासरीने लहान आढळला. याचा बुद्धीशी संबंध जोडू नये, लहान माप म्हणजे फक्त लहान माप. पाठोपाठ बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी सहा ते साठ वर्षांच्या भारतीयांसाठी वयाप्रमाणे पाच साचे तयार केले.

साचा दूरचा असला की ताण जास्त द्यावा लागतो, आणि जितका ताण जास्त तितकी चुकायला जागा. आजची बहुतेक नेटवर्कं मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या संग्रहांवर शिकलेली आहेत. ती आपल्या रुग्णालयांत आणायला माझा विरोध नाही. आधी आपल्या माणसांच्या स्कॅनवर तपासा, एवढंच मी प्रत्येक बैठकीत म्हणते आणि म्हणत राहीन.

ताई, धाकट्या भावाच्या मेंदूत गाठ निघाली आहे, ग्लायोमा. वय ३८. सर्जन म्हणाले, ‘नॅव्हिगेशन लावून ऑपरेशन करू, कॉम्प्युटर एमआरआय डोक्याशी जुळवून देतो.’ कॉम्प्युटर चुकला तर? विचारायची हिंमत झाली नाही.
— एक बहीण, नाशिक

सर्जनना विचारायला हवं होतं आणि अजूनही विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही, कारण तो स्वतः ऑपरेशनभर हाच प्रश्न विचारत असतो.

नॅव्हिगेशनमध्ये आधी काढलेला एमआरआय आणि टेबलावरचं डोकं जुळवतात. नाक, डोळ्यांचे कोपरे, कपाळ अशा पक्क्या जागांना पॉइंटर लावून. ही साधी, टेबल बसवण्यासारखी जुळणी आहे आणि चीर कुठे द्यायची, कवटी कुठे उघडायची हे ठरवायला ती फार उपयोगी पडते. अडचण त्यानंतर येते. कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी निघालं, गाठीचा तुकडा बाहेर आला, की मेंदू जागचा हलतो. कधी एक सेंटिमीटरहूनही जास्त. पडद्यावरचा एमआरआय मात्र सकाळचाच असतो. म्हणून अनुभवी सर्जन जसजसं आत जातात तसतसं पडद्यापेक्षा डोळ्यांवर, हातावर आणि ऑपरेशन चालू असताना केलेल्या सोनोग्राफीवर जास्त विसंबतात. काही ठिकाणी रुग्णाला मध्येच जागं करून बोलतं ठेवतात, बोलण्याचा भाग सांभाळायला. भावाच्या बाबतीत यांतलं काय करणार आहेत, हे विचारा.

आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. माझ्या वडिलांपुढे एकदा दोन नकाशे आले होते, एक जुना, एक नवा. नव्यात एक विहीर होती, जुन्यात ती नव्हतीच. हाताखालच्या पोराने ती जुन्यातल्या एका झाडाच्या खुणेशी जुळवून टाकली, कारण प्रत्येक खुणेला जोडीदार हवा असं त्याला वाटलं. आजूबाजूचे सगळे बांध त्यामुळे तिरके झाले. गाठीचं हेच आहे. निरोगी साच्यात गाठीला जोडीदार नाही. ऑपरेशननंतरच्या स्कॅनमध्ये गाठ काढलेल्या पोकळीला आधीच्या स्कॅनमध्ये जोडीदार नाही. नेटवर्कला मात्र प्रत्येक ठिपक्यासाठी काहीतरी उत्तर द्यायचं म्हणूनच शिकवलेलं असतं. ‘इथे जोडीदार नाही’ म्हणायला त्याला वेगळं शिकवावं लागतं. नाहीतर ते गाठ दाबून दाबून नाहीशी करतं, शेजारच्या निरोगी ऊतीला तिच्या जागी ओढतं, आणि वरून बघताना जुळणी सुंदर दिसते.

यावर जगभर काम चालू आहे. २०२२च्या सुमारास ‘ब्रॅट्स-रेज’ नावाची खुली स्पर्धा झाली. ग्लायोमाच्या रुग्णांचे ऑपरेशनच्या आधीचे आणि पुढच्या काळातले स्कॅन जुळवायचे, आणि तपासणी चित्राच्या साम्यावर नाही, तर तज्ज्ञांनी दोन्ही स्कॅनमध्ये हाताने लावलेल्या खुणांवर. खुणा किती मिलिमीटरनी चुकल्या, एवढंच बघायचं. मला हीच तपासणी खरी वाटते. हद्दीचा दगड हद्दीच्या दगडावर आला की नाही?

तुमच्या भावाच्या उपचारात आज असं नेटवर्क वापरलं तरी त्याचं उत्तर रेडिऑलॉजिस्ट बघूनच पुढे जायला हवं, आणि ते बघतात का, हेही विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय बहुधा ७२ तासांच्या आत काढतात, जखम भरतानाचे बदल चित्रात उरलेल्या गाठीसारखे दिसू लागायच्या आधी. त्या गडबडीत सीडी घ्यायची राहून जाते. ती आठवणीने मागून घ्या, भावाचं नाव आणि तारीख तपासा, आणि घरी नीट ठेवा. पुढच्या प्रत्येक स्कॅनची जुळणी तिच्याशीच होणार आहे.